घड्याळ कोणते घ्यावे?

घड्याळ ही वस्तू आपल्या कुटुंबांत पूर्वीपासून मानाची मानली गेली आहे. १९६१ साली बंगलोर येथे जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने एच.एम.टी.चा घड्याळांचा कारखाना उभा राहिला. पुढे कित्येक वर्षे मॅट्रिक झालेल्या मुलाला किंवा लग्नात जावयाला त्या कारखान्याचे घड्याळ देणे ही रीतच पडून गेली. त्या घड्याळाकडून अपेक्षा एवढीच असे की, रोज किल्ली द्यावी आणि त्याने वेळ बरोबर सांगावी. २०१६ साली एच.एम.टी. वॉचेस ही कंपनी बंद करण्याचा निर्णय सरकारने घेतला. तोवर मनगटाचा ताबा निराळ्याच यंत्रांकडे जाऊ लागला होता.

आज आदिलाबाद जिल्ह्यात, विशेषतः बेला, जैनथ, तामसी, तलमडगू या मराठी बोलणाऱ्या पट्ट्यात, पोलीस व सैन्यभरतीची तयारी करणारी पुष्कळ मुलेमुली पहाटे उठून धावतात. कोणी शहरातील इंदिरा प्रियदर्शिनी स्टेडियमवर धावतात, कोणी गावच्या रस्त्यावर. मार्केट यार्डात कापूस विकला जाऊन हाती चार पैसे आले की यांपैकी काहींची वडिलांपाशी मागणी होते ती नव्या घड्याळाची. मग प्रश्न उभा राहतो : खास धावपटूंसाठी बनविलेले स्पोर्ट्स वॉच घ्यावे, की सर्व कामांचे स्मार्टवॉच? धर्मग्रामातील पालक हा प्रश्न आम्हालाही विचारतात. साधे स्मार्टवॉच दीड-दोन हजार रुपयांत मिळते. नावाजलेल्या कंपनीचे स्पोर्ट्स वॉच पंधरा-वीस हजारांच्या घरात जाते. कोरडवाहू शेती असलेल्या घरात एवढी रक्कम म्हणजे पुढील हंगामाचे बियाणे आणि खत. तेव्हा हा प्रश्न केवळ हौसेचा म्हणून बाजूला सारता येत नाही.

प्रथम या दोन घड्याळांचे कूळ पाहू, म्हणजे त्यांचे गुणदोष आपोआप ध्यानात येतील. फिनलंडमधील पोलार कंपनीने १९८२ साली छातीला पट्टा बांधून हृदयाचे ठोके मनगटावर दाखविणारे बिनतारी यंत्र विक्रीस आणले. २००३ साली अमेरिकेतील गार्मिन कंपनीचे फोररनर हे घड्याळ निघाले. ते उपग्रहांच्या संकेतांवरून धावलेले अंतर आणि वेग सांगत असे. ही दोन्ही यंत्रे धावणाऱ्याच्या गरजेतून जन्मास आली. स्मार्टवॉचचे मूळ मात्र मोबाईलमध्ये आहे. २०१५ साली ॲपल कंपनीचे घड्याळ बाजारात आल्यावर या प्रकाराचा प्रसार वेगाने झाला. फोन खिशात ठेवून त्यावरील निरोप मनगटावर वाचता यावे, आलेला फोन कळावा, गाणी ऐकता यावीत, हा त्याचा मुख्य हेतू. पावले मोजणे आणि नाडी पाहणे ही त्याची जोडकामे होत. दोन्ही प्रकार हल्ली एकमेकांचे गुण उचलू लागले आहेत हे खरे, परंतु मूळ स्वभाव सहसा सुटत नाही.

हा स्वभावातील भेद सर्वांत आधी बॅटरीत दिसतो. मोठा झगझगीत पडदा आणि फोनशी अखंड संबंध यांमुळे पुष्कळशा महागड्या स्मार्टवॉचना रोज किंवा दिवसाआड चार्जिंग लागते. उलट २०२१ साली निघालेल्या फोररनर ५५ या साध्या स्पोर्ट्स वॉचची बॅटरी नुसत्या घड्याळाच्या वापरात दोन आठवड्यांपर्यंत आणि उपग्रहांशी जोडून धावताना वीस तासांपर्यंत टिकते, असे कंपनी सांगते. जेथे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तेथे हा फरक लहान नव्हे. दुसरा भेद कळींचा. घामाने भिजलेल्या बोटाला काचेचा पडदा नीट दाद देत नाही. म्हणून धावपटूंच्या घड्याळाला बाजूस दाबायच्या कळी असतात. शिवाय त्यांतील अनेक घड्याळांचा पडदा असा असतो की, ऊन जितके कडक तितका तो स्पष्ट दिसावा.

तिसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे आणि तोच दुकानात बहुधा सांगितला जात नाही. स्वस्त स्मार्टवॉचपैकी कित्येकांत स्वतःचा जीपीएस नसतो. ती खिशातील फोनच्या जीपीएसवर अवलंबून असतात. फोन घरी ठेवला की हाताच्या हालचालीवरून अंतराचा अंदाज तेवढा बांधतात. ज्या घड्याळात स्वतःचा जीपीएस आहे, ते सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रहांकडून थेट संकेत घेते. त्यास मोबाईलच्या मनोऱ्याची गरज नसते. उटनूरकडील डोंगराळ भागात फोनला रेंज नसली तरी ते अंतर मोजू शकते. मात्र धावण्यापूर्वी उघड्या आभाळाखाली मिनिटभर स्थिर उभे राहून त्याला उपग्रह सापडू द्यावेत.

नाडीविषयीही थोडे सांगितले पाहिजे. मनगटावरील घड्याळ हिरवा प्रकाश त्वचेवर टाकते आणि रक्ताच्या प्रवाहानुसार परत येणाऱ्या प्रकाशातील चढउतारावरून ठोके मोजते. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत्संकेत टिपतो, म्हणून त्याचे मोजमाप अधिक विश्वसनीय असते. आदिलाबादच्या हिवाळ्यात पहाटे पारा कधी कधी पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. अशा थंडीत त्वचेखालील रक्तवाहिन्या आकसतात आणि मनगटावरील आकडा चुकण्याचा संभव वाढतो. पट्टा सैल असेल किंवा वेग एकाएकी वाढविला तरीही तेच. हा दोष स्वस्त आणि महाग दोन्ही घड्याळांत कमीअधिक प्रमाणात असतो. नाडी पाहून सराव करावयाचा असेल त्याने पट्टा मनगटाच्या हाडापासून थोडा वर घट्ट बांधावा आणि शरीर तापल्यानंतरच आकड्यावर विश्वास ठेवावा.

आता भरतीच्या उमेदवाराचा प्रश्न घेऊ. तेलंगणात २०२२ साली निघालेल्या पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर अंतर ७ मिनिटे १५ सेकंदांत आणि स्त्रियांना ८०० मीटर अंतर ५ मिनिटे २० सेकंदांत पार करावयाचे होते. या आकड्यांचा हिशेब चारशे मीटरच्या मैदानावर मांडून पाहावा. पुरुषाला चार फेऱ्या, प्रत्येक फेरीस सुमारे १ मिनिट ४८ सेकंद. स्त्रीला दोन फेऱ्या, प्रत्येकीस २ मिनिटे ४० सेकंद. ज्याला प्रत्येक फेरी या वेळेच्या आत आणि सारख्या गतीने धावता येते तो उत्तीर्ण होतो. पहिली फेरी जोरात मारून चौथीत गळून जाणारा मागे राहतो. तेव्हा उमेदवाराला कळावयास हवी ती प्रत्येक फेरीची वेळ. नेमक्या याच कामी जीपीएस दुबळा ठरतो. त्याची चूक काही मीटरांची असते; मोकळ्या रस्त्यावर दहा किलोमीटरांत ती जाणवत नाही, परंतु चारशे मीटरच्या गोल फेरीत वळणे कापली जाऊन हिशेब बिघडतो. सोळाशे मीटरांत शंभरात एकाची चूक म्हणजे सोळा मीटर, आणि तेवढ्यात तीनचार सेकंद जातात. काही महागड्या घड्याळांत मैदानासाठी निराळी सोय असते. पण मैदान एकदा मोजलेले असेल तर अंतर मोजणाऱ्या यंत्राची गरजच उरत नाही.

म्हणून आमचे सांगणे असे की, भरतीसाठी धावणाऱ्या मुलामुलींनी प्रथम पन्नास मीटरची टेप मिळवावी. शाळेच्या मैदानावर आखलेल्या आतील रेषेच्या वीस सेंटिमीटर बाहेरून माप घेऊन चारशे मीटरची वाट नक्की करावी आणि खुणेला चुना टाकावा. मग हातात साधे स्टॉपवॉच असले तरी पुरते. ते मोबाईलमध्ये आयतेच असते. एकाने रेषेवर उभे राहून प्रत्येक फेरीची वेळ मोठ्याने सांगावी आणि वहीत लिहावी. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्ड येथे रॉजर बॅनिस्टर याने एक मैल, म्हणजे १६०९ मीटर, ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत धावून जगात प्रथमच चार मिनिटांची मर्यादा मोडली. आपल्या भरतीच्या अंतराहून ते अवघे नऊ मीटर जास्त. त्याच्या मनगटावर उपग्रहांचे घड्याळ नव्हते. त्याच्यापुढे ब्रॅशर आणि चॅटवे हे दोघे मित्र पाळीपाळीने गती राखून धावत होते, आणि वेळ मोजणारे हाती स्टॉपवॉच घेऊन उभे होते. सोबत धावणारा मित्र आणि मोजलेली वाट ही दोन साधने आमच्या खेड्यांतही मिळण्याजोगी आहेत.

मग स्पोर्ट्स वॉच कोणी घ्यावे? ज्याने निदान वर्षभर नियमाने धावून दाखविले आहे. जो दहा किलोमीटर, अर्धमॅरेथॉन किंवा मॅरेथॉन अशी रस्त्यावरील लांब अंतरे धावतो. ज्याचा प्रशिक्षक प्रत्येक किलोमीटरची गती आणि नाडी पाहून पुढचा सराव ठरवितो, त्याला हे घड्याळ खरोखर उपयोगी पडते. अशा मुलासाठी घरच्यांनी पैसा घातला तर तो वाया जात नाही. नवीनच धावू लागलेल्याने त्याच पैशांतून आधी चांगले बूट घ्यावेत आणि आहाराकडे लक्ष द्यावे.

स्मार्टवॉच दिवसभर निरोप व फोन सांभाळावे लागणाऱ्यांच्या सोयीचे आहे. बसचालविणारा, शिक्षिका, रुग्णालयातील परिचारिका, शेतात काम करताना फोन पिशवीत ठेवणारी आई, यांना मनगटावर आलेली सूचना कामी येते. परंतु आरोग्याच्या जाहिरातींना भुलू नये. सुई न टोचता रक्तातील साखर मोजण्याचा दावा करणारी घड्याळे व अंगठ्या वापरू नयेत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला आहे. चुकीच्या आकड्यावरून इन्सुलिन किंवा गोळ्या घेतल्यास जीवावर बेतू शकते. काही महाग घड्याळांत २०१८ पासून ईसीजीची सोय आली आहे. तीही अनियमित ठोक्यांची सूचना देऊ शकते, हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही. घरातील वडीलधाऱ्यांच्या छातीत दुखू लागले तर घड्याळाकडे पाहत न बसता त्यांना तत्काळ रुग्णालयात न्यावे.

खरेदीपूर्वी आणखी तीन गोष्टी विचाराव्यात. घड्याळात स्वतःचा जीपीएस आहे काय? बिघडल्यास दुरुस्ती कोठे होईल? आमच्या भागातून नागपूर सुमारे दोनशे आणि हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर आहे. दोन खेपांत स्वस्त घड्याळाची किंमत भाड्यातच निघते. आणि चार्जरची तार हरवली तर दुसरी मिळेल काय? कारण प्रत्येक कंपनीची तार बहुधा निराळी असते.

शेवटी एक गोष्ट पालकांना आणि तितकीच मुलांनाही सांगावीशी वाटते. घड्याळ मागणाऱ्या मुलाला एकदम नकार देऊ नये, तसेच एकदम होकारही देऊ नये. त्याला तीन महिने वहीत रोजच्या धावण्याची तारीख, अंतर आणि वेळ लिहावयास सांगावे. वही भरली तर कोणते घड्याळ हवे आणि कशासाठी, हे तो स्वतःच नेमके सांगू शकेल, आणि वडिलांनाही पैसा देताना समाधान वाटेल. वही कोरी राहिली तर बियाण्याचे पैसे वाचतील. आणि ती वही पाहत असताना बापलेकांचे चार शब्द बोलणे होईल, हाही लाभ थोडा नव्हे.