चुकीचं कारण, बरोबर पत्ता

सोलापुरात वर्षातून दोन दिवस असे येतात, की ऐन दुपारी उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखाली गडप होते. शहर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. कर्कवृत्ताकडे निघालेला सूर्य १० मेच्या आसपास इथे अगदी माथ्यावर येतो आणि परतताना ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा एकदा. ऑगस्टमधली भेट बहुतेकदा ढगांआड होते, मेमधली मात्र चुकत नाही. आता योगायोग पाहा. १८१८ साली जनरल टॉमस मनरो पेशव्यांच्या उरल्यासुरल्या फौजेच्या मागावर सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यासमोर येऊन ठाकला, तो नेमका मेच्या याच दुसऱ्या आठवड्यात. ग्लासगोत जन्मलेला माणूस, अंगावर लोकरी लष्करी कपडे आणि डोक्यावर लंबरेषेत सूर्य!

किल्ला काही दिवसांत पडला. अवघड प्रश्न त्यानंतरचा होता. उष्ण कटिबंधातल्या या गावात आता राहायचं कुठे?

हा प्रश्न एकट्या इंग्रजांचा नव्हता. पुढच्या शंभर वर्षांत सोलापुरात बाहेरून जे जे आले, त्या प्रत्येकाने तो सोडवला, आणि प्रत्येकाचं उत्तर शहराच्या नकाशावर अजून वाचता येतं. किल्ला आणि सिद्धेश्वर तलावाच्या उत्तरेला आणि पूर्वेला दाटीवाटीच्या पेठा. दक्षिणेला आणि नैऋत्येला सात रस्ता, मोदी, सदर बझार, रेल्वे लाइन्स, म्हणजे रुंद रस्ते, मोठी आवारं आणि एकमेकांपासून फटकून उभे बंगले. गावातून रिक्षाने दहा मिनिटांत इकडे आलं की वेगळ्याच शहरात आल्यासारखं वाटतं. ही फारकत आपोआप पडलेली नाही. तिच्यामागे एक वैद्यकीय सिद्धांत होता, आणि तो साफ चुकीचा होता.

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय डॉक्टरांची पक्की समजूत अशी, की ताप हवेतून येतो. दलदल, कुजका पाला, गटार, माणसांची गर्दी यांतून विषारी वाफा उठतात आणि रात्री त्या श्वासावाटे अंगात शिरतात. त्यामुळे साहेबाचं घर उंचवट्यावर हवं, गावापासून अंतरावर हवं, साचलेल्या पाण्यापासून लांब हवं आणि गावावरून येणारा वारा आपल्याकडे येणार नाही अशा बाजूला हवं. छावण्यांची आखणी याच हिशेबाने व्हायची. सोलापुरात वर्षातला बराच काळ वारा पश्चिमेकडून वाहतो. छावणीची बाजू कोणती, ते वर आलंच आहे.

१८९७ च्या ऑगस्टमध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी सापडले. सिकंदराबाद म्हणजे सोलापूरकराला परकं नाही, इथून वाडीमार्गे जाणाऱ्या लोहमार्गावरचं गाव. तिथल्या सूक्ष्मदर्शकाखाली विषारी वाफांचा सिद्धांत कोसळला. पण खरी चकित करणारी गोष्ट पुढेच आहे. मलेरिया पसरवणारा अ‍ॅनॉफिलिस डास सहसा एकदोन किलोमीटरपलीकडे उडत नाही. तो रात्री चावतो, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि परजीवी उचलतो तो आधीच आजारी असलेल्या माणसाच्या रक्तातून. म्हणजे पाण्यापासून आणि गावापासून लांब राहणारा साहेब ज्या वाफांना भीत होता त्या अस्तित्वातच नव्हत्या. तरीही तो काही अंशी खरंच वाचत होता. कारण चुकीचं, पत्ता बरोबर.

सिद्धांत बदलला म्हणून वागणं बदललं असं मात्र नाही. रॉस यांच्याच शोधाचा आधार घेऊन पश्चिम आफ्रिकेत फ्रीटाउनजवळच्या टेकडीवर १९०४ पर्यंत फक्त युरोपीयांसाठी वसाहत उभी राहिली. खाली शहर, वर गोऱ्यांचे बंगले आणि दोहोंना जोडणारी छोटी रेल्वे. आधी वाफांचं निमित्त होतं, मग डासांचं आलं. खालच्या शहरातली डबकी बुजवायचा मार्गही उघडा होता. टेकडीवर राहायला जाणं जास्त सोयीचं वाटलं.

तापाचं झालं, पण उन्हाळ्याचं काय? इथे सोलापूरने परक्यांना एक अनपेक्षित सवलत दिली. मेमधली ४० अंशांची दुपार घ्या; हवेतली आर्द्रता समजा २० टक्के. या हवेत ओलं कापड टांगलं, तर बाष्पीभवनाने ते २३ अंशांच्या आसपास उतरतं. आता मुंबईची दुपार घ्या: तापमान ३३ अंश, आर्द्रता ७० टक्के. तेच ओलं कापड तिथे २८ अंशांच्या खाली यायला तयार नाही. थर्मामीटरवर मुंबई सात अंशांनी थंड, आणि ओल्या कापडाच्या हिशेबात पाच अंशांनी गरम! आपलं शरीर म्हणजे हिशेबापुरतं ओलं कापडच, कारण घाम वाळला तरच आपण निवतो. मुंबईत तो वाळत नाही, नुसता वाहतो. सोलापुरात तो इतक्या झटपट वाळतो की आला होता हेही कळत नाही, म्हणून तर इथे माणूस तहान लागण्याआधीच कोरडा पडतो.

वाळ्याचे पडदे इथे चालायचे ते याच जोरावर. दारा-खिडक्यांत वाळ्याची ताटी लावायची, तिच्यावर सतत पाणी मारायचं, बाहेरची झळ आत येईपर्यंत गार आणि सुगंधी झालेली असायची. सोलापूरच्या माठातलं पाणी दात शिवशिवेपर्यंत गार होतं आणि मुंबईच्या माठातलं जेमतेम, त्याचं गणितही हेच. अर्थात ताटीवर दिवसभर पाणी मारणारा आणि रात्रभर पंखा ओढणारा माणूस पगारी नोकर असायचा. साहेबाच्या गारव्यात त्याचा घाम धरलेलाच आहे.

तरीही ज्याला मे महिना सोसत नसे तो महाबळेश्वरला जाई. नकाशावर पाहिलं तर महाबळेश्वर आणि सोलापूर जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, तिथेही सूर्य तसाच माथ्यावर येतो. फरक उंचीचा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास, महाबळेश्वर १३७२ मीटर. हजार मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे नुसत्या उंचीने सहा अंशांचा दिलासा. १८२८ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तिथे ठाणं वसवलं. पण पावसाळ्यात महाबळेश्वर राहण्यालायक उरत नसे, मग सरकार पुण्याला येई आणि थंडीत मुंबईला परते. उष्ण कटिबंधात कुठे राहायचं, या प्रश्नाला मुंबई सरकारने दिलेलं उत्तर असं होतं की एका जागी राहायचंच नाही. हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर उतरणारे आणि उन्हं तापायच्या आत हिमालयापलीकडे परतणारे पट्टकादंब हंस हेच करतात. त्यांना फायलींचे पेटारे न्यावे लागत नाहीत एवढंच.

ज्यांना असं हिंडणं शक्य नव्हतं त्यांची कथा वेगळी. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले. कंपनी सरकारला ते नको होते, परत पाठवण्याची भाषा झाली, पण ते राहिले. त्यांच्यातले सॅम्युएल न्यूएल १८२१ मध्ये पटकीने गेले, गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीनेच. लोकांत मिसळायचं तर लोकांचंच पाणी प्यावं लागतं आणि पटकी पाण्यातून येते. गावाबाहेरचा बंगला तिथे कामाचा नाही. १८३१ मध्ये मिशन घाटावर, अहमदनगरच्या कोरड्या हवेत आलं आणि तिथे रुजलं. सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये आली आणि १८६२ मध्ये नगरलाच वारली. एवढी वर्षं टिकण्यात तिच्या चिवटपणाचा वाटा मोठा, पण काही श्रेय देशावरच्या हवेलाही द्यावं लागेल. सोलापुरातलं मिशनचं ठाणं याच मार्गाने, १८६० च्या दशकात आलं. तोवर रेल्वेही पोचली होती.

पण सोलापूरवर खरा ठसा उमटवला तो ज्यांना हवापालट माहीतच नव्हता अशा परक्यांनी. तेलंगणातले पद्मशाली विणकर. आज त्यांना परके म्हटलं तर शहराच्या पूर्वभागातले त्यांचे वंशज रागावतील, आणि रास्त रागावतील. पण तेव्हा तेलंगण हा निजामाचा मुलूख होता. तुळजापूर, नळदुर्गसुद्धा निजामाकडे. सोलापूर इंग्रजांच्या हद्दीत. वेगळं राज्य, वेगळा कायदा, वेगळी भाषा. दुष्काळ आणि मोडकळीला आलेला धंदा मागे टाकून ही कुटुंबं आली. १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापड गिरणी निघाली, ‘जुनी मिल’. गिरणीचं सूत जवळ, रेल्वे जवळ, आणि आधी आलेला कुणीतरी भाऊबंद जवळ. घर कुठे घ्यायचं याचं उत्तर त्यांना या तिसऱ्या गोष्टीने दिलं असावं. साहेबाने वारा पाहिला, विणकराने आपल्या भाषेतली हाक ऐकू येईल एवढं अंतर पाहिलं.

हवा मात्र त्यांच्या धंद्याला उलटी होती. सुताला ओल लागते. कोरड्या हवेत ते ठिसूळ होतं आणि तटातट तुटतं. लँकेशायरची कापडगिरणी तिथल्या दमट हवेवर पोसली आणि मुंबईच्या गिरण्यांनाही समुद्राची ओल फुकट मिळाली. सोलापूरला ती विकत घ्यावी लागली: गिरण्यांत पाण्याचे फवारे आणि घरात खड्डामाग. या मागावर विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, आणि ताणा जमिनीलगत राहतो. खड्ड्यातली माती गार असते, थोडी दमट असते, तिची ओल सुताला मिळते. वर खळ दिलेली असतेच. आता गंमत अशी, की जी कोरडी हवा साहेबाच्या वाळ्याच्या ताटीला वरदान होती, तीच विणकराच्या धाग्याची वैरीण. एकाने तिच्यात पाणी मारून खोली गार केली, दुसऱ्याने खोलीच्या तळाशी खड्डा खणून तिच्यापासून सूत वाचवलं. सोलापुरी चादरीला २००० नंतरच्या दशकात भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन म्हणजे अमुक वस्तू अमुक भूमीचीच असा दाखला. ही वस्तू मात्र इथल्या हवेशी भांडून आणि बाहेरून आलेल्या हातांनी इथली झाली आहे.

आणि जे आधीपासून इथे होते त्यांनी काय निवडलं होतं? माळवद. पांढऱ्या मातीच्या हात-दीड हात जाड भिंती आणि वर मातीचंच सपाट छत. पाऊस कमी म्हणून छत सपाट ठेवणं परवडतं. कोकणात हे छत एका पावसाळ्यातच खाली आलं असतं. जाड माती दुपारचं ऊन दहाबारा तास अंगात मुरवत ठेवते, त्यामुळे दुपारी आतली खोली गार राहते आणि ती भिंत तापायला येते तेव्हा रात्र झालेली असते. मग घरातली माणसं अंथरुणं घेऊन माळवदावर जातात. कोरड्या आकाशातून जमिनीची उष्णता भराभर निसटते, कारण तिला अडवणारी वाफ हवेत नसते. पहाटे सोलापुरात पांघरूण ओढावं लागतं, ते यामुळेच.

मातीची हीच युक्ती एका सोलापूरकराला परक्या मुलखात भेटली. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० मध्ये सोलापुरात जन्मले, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९३९ मध्ये येनानला पोचले. तिथे माणसं डोंगराच्या पिवळ्या मातीत कोरलेल्या गुहांत राहतात. बाहेर गोठवणारी थंडी आणि आत मातीने धरून ठेवलेली ऊब. माळवदात माती ऊन बाहेर अडवते, येनानमध्ये ऊब आत धरते. परदेशी माणसाने तिथे कुठे राहायचं, याचं उत्तर तिथल्या लोकांनी कधीच कोरून ठेवलं होतं, आणि कोटणीस त्यातच राहिले.

या सगळ्यात निवडीचा अधिकार गृहीत धरला आहे. सोलापुरातच ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे. इंग्रजी कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं त्यांना तिथे कुंपणाआड ठेवलं होतं. त्यांना वाऱ्याची दिशा कुणी विचारली नाही. ही माणसं याच मातीतली असूनही त्यांचा पत्ता सरकारने ठरवला, आणि तो कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला.

आज सोलापुरात बदली होऊन कुणी आलं आणि घर कुठे घेऊ म्हणून विचारलं, तर जाणकार माणूस आधी मजला विचारतो. वरचा मजला नको, कारण सिमेंटचा स्लॅब माळवदासारखा जाड नसतो. संध्याकाळी सातलाच तो खोलीत उष्णता ओतू लागतो. मग विचारतो पश्चिमेची भिंत, तिच्यावर झाडाची सावली आहे का ते. पण त्याआधीही एक प्रश्न असतो, आणि तो मनरोपासून मिशनपर्यंत कुणाला सुटला नव्हता. १८७१ मध्ये एकरूखचा तलाव बांधून झाला तरी सुटला नाही, आणि आता पाणी शंभरहून अधिक किलोमीटरवरच्या उजनीतून नळाने आणलं जातं तरी तो आहेच: तुमच्याकडे पाणी किती दिवसांआड येतं?