आजीचा दम वयामुळे लागत नव्हता

दर रंगपंचमीला आमची आजी राजवाड्यासमोरून जाणारी गेर बघायला हौसेने जायची. आमचं जुनं घर तिथेच, मागच्या गल्लीत. दोन वर्षांपूर्वी ती म्हणाली, "तुम्ही जा रे, मला जिना चढ-उतर करताना दम लागतो." पंचाहत्तरी झाली, चालायचंच, असं म्हणून आम्ही निघालो. तिचा सकाळचा खोकला तर सवयीचाच झाला होता.

मागच्या हिवाळ्यात सर्दीचं निमित्त झालं आणि एक वाक्य बोलताना ती दोनदा थांबली. छातीच्या डॉक्टरांनी तिला नळीत जोरात फुंकायला लावलं. ही स्पायरोमेट्री. श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध देऊनही, जोर लावून सोडलेल्या एकूण हवेपैकी ७० टक्क्यांहून कमी हवा पहिल्या सेकंदात बाहेर आली, तर कायमचा अडथळा आहे असं समजतात. निदान झालं : सीओपीडी.

"पण आजीने कधी विडी-सिगारेट ओढली नाही!" मी म्हणालो.

"स्वयंपाक कशावर करायच्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"चूल, मग कोळशाची शेगडी. पंचवीस वर्षं. खोलीला खिडकी नव्हती," आजी म्हणाली.

वर्षानुवर्षांच्या धुराने श्वासनलिका सुजून अरुंद होतात, फुप्फुसातल्या वायुकोशांची लवचिकता जाते. आतली हवा पूर्ण बाहेर पडत नाही, म्हणून पुढच्या श्वासाला जागा उरत नाही. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लिहिताना चुलीच्या धुराकडेच बोट दाखवलं होतं. २०२१ मध्ये या आजाराने जगभरात सुमारे ३५ लाख लोक गेले.

झालेलं नुकसान भरून येत नाही, पण त्रास कमी करता येतो. इनहेलरची 'सवय लागते' ही भीती खोटी. औषध थोडंच लागतं आणि थेट फुप्फुसात पोचतं. आजीने फ्लूची लस घेतली. नाकाने श्वास घेऊन, ओठांचा चंबू करून तो सावकाश सोडायला ती शिकली. घरातली मच्छर अगरबत्ती बंद झाली.

यंदाची गेर तिने टीव्हीवरच पाहिली, गुलालामुळे. पण संध्याकाळी राजवाड्यासमोरच्या बागेत अहिल्यादेवींच्या पुतळ्यापर्यंत ती चालत जाते, वाटेत दोनदा टेकून.

तुमच्याही घरी कुणी जिन्यावर थांबत असेल, तर वय मोजत बसू नका. एकदा फुंकून बघायला लावा. आम्ही दोन वर्षं उशीर केला.