पदकावरची दोन सालं

शस्त्रांच्या ढिगावर बसलेली ब्रिटानिया, तिने हातातला हार एका किल्ल्याकडे धरलेला, किल्ल्यावर इंग्रजी निशाण. मागच्या बाजूला सगळा फार्सी मजकूर. लढाईचं नाव नाही, आणि ज्या शिपायाला ते मिळालं त्याचं तर नाहीच. संग्राहक याला ‘डेक्कन मेडल’ म्हणतात. असं पदक हाती आलं तर शोध कुठून सुरू करायचा?

मी सालापासून करीन. मजकुरात सालं दोन आहेत : इसवी 1784 आणि हिजरी 1199. एकच गोष्ट दोनदा सांगितल्यासारखी वाटते. पण हिजरी वर्ष चांद्र, सुमारे 354 दिवसांचं. त्यात आपल्यासारखा अधिक महिना नाही, म्हणून त्याचा आरंभ दर वर्षी अकराएक दिवस अलीकडे येतो. जंत्री उघडली की दिसतं, हिजरी 1199 सुरू होतं ते 1784च्या नोव्हेंबरच्या मध्याला. म्हणजे ही जोडी जुळते ती फक्त त्या वर्षाच्या शेवटच्या सात आठवड्यांत. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध संपवणारा सालबाईचा तह होऊन तेव्हा दोन वर्षं उलटली होती.

मजकुरात हिंदुस्थानापासून दख्खनपर्यंत विजयी झालेल्या सिंहहृदयी इंग्रजांची तारीफ आहे. पदक मात्र कलकत्ता सरकारने दिलं देशी शिपायांना! त्या युद्धात इंग्रज सेनानी गॉडर्डच्या हाताखाली बंगालची फौज सुरतेला आली, तिने अहमदाबाद आणि वसई घेतली, हे खरं. पुणं मात्र हाती लागलं नाही. 1781 मध्ये गॉडर्ड बोरघाटातून पनवेलकडे माघारी फिरला, त्याआधी 1779 मध्ये वडगावला मुंबईकर इंग्रजांनी शरणागती पत्करली होती. पदकं असल्या गोष्टी सांगत नसतात.

मग धातू : पदक खरंच चांदीचं की नक्कल? चांदीची घनता 10.5, कथिलाची 7.3. पाण्यात तोलून लगेच कळेल, पण कथिलात हिशेबाने शिसं मिसळलं तर आर्किमिडीजही फसेल. क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखता येतात, तीही कागदाच्या जाडीइतक्या वरच्या थरातलीच. आतलं तांबं मुलाम्याआड लपतं. साध्या कॅलिपरचं मोल इथे कळतं : अस्सल पदकावरून साचा काढून ओतलेली नक्कल निवताना आक्रसते आणि किंचित लहान भरते.

हे पदक दोरीने गळ्यात घालत. भिंगाखाली आधी कडीची आतली बाजू पाहावी, ती झिजली आहे का.