जेऊरचा थांबा आणि हिशेबाबाहेरचा ग्राहक

एखाद्या संस्थेशी ग्राहकाचा ज्या ज्या प्रसंगी संबंध येतो, त्या सर्व प्रसंगांतून त्याच्या मनात त्या संस्थेविषयी जे मत तयार होते, त्याला व्यवस्थापनशास्त्रात ग्राहक-अनुभव असे म्हणतात. मालाचा दर्जा आणि भाव यांचा त्यात वाटा असतोच. पण खिडकीपुढे रांगेत गेलेला वेळ, चौकशीला मिळालेले उत्तर आणि तक्रारीनंतर झालेली किंवा न झालेली कार्यवाही यांचाही तितकाच वाटा असतो. बहुतेक कंपन्यांमध्ये या अनुभवाची काळजी एका विभागाकडे सोपवलेली असते आणि उत्पन्न, खर्च, बाजारातील हिस्सा, टिकून राहिलेले ग्राहक ही व्यवसायाची उद्दिष्टे दुसऱ्याच विभागाच्या टेबलावर असतात. दोघांमध्ये दुवा जोडायचा तर कोणत्या सुधारणेमुळे कोणता आकडा, किती काळाने आणि कोणत्या कारणाने हलेल, हे आधी ठरवावे लागते. हे ठरवणे दिसते तितके सोपे नाही, आणि ते का अवघड आहे हे सोलापूर जिल्ह्यातील जेऊरच्या उदाहरणावरून चांगले समजते.

जेऊर हे करमाळा तालुक्यातील बाजारपेठेचे गाव आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने 1859 साली दिक्साळपासून बार्शी रोडपर्यंत, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपर्यंत, जो लोहमार्ग खुला केला, तो याच भागातून जातो. आणि करमाळा शहराला स्वतःचे रेल्वेस्थानक नसल्यामुळे आजही तालुक्याच्या मोठ्या भागासाठी जेऊर हेच रेल्वेचे दार आहे. मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागातील या स्थानकाचा स्थानकांच्या पुनर्विकासासाठी आखलेल्या अमृत भारत योजनेतही समावेश आहे. भीमा नदीवरील उजनी धरणाच्या फुगवट्याचे पाणी मिळाल्यापासून या परिसरातील शेती पालटली. आधी ऊस आणि त्याच्या जोडीला केळी आली, आणि जवळचे कंदर हे गाव तर निर्यातक्षम केळीसाठी ओळखले जाऊ लागले. त्यामुळे रेल्वेचे येथे दोन प्रकारचे ग्राहक संभवतात: पुण्या-मुंबईकडे किंवा सोलापूरकडे जाणारा प्रवासी, आणि नाशवंत माल दूरच्या बाजारात पाठवू पाहणारा शेतकरी किंवा व्यापारी.

प्रवाशाची मागणी साधी आणि जुनी असते: धावत जाणारी एक्स्प्रेस गाडी आपल्या स्थानकावर थांबावी. लोकप्रतिनिधींची पत्रे, प्रवासी संघटनांची निवेदने, प्रसंगी आंदोलने या मार्गांनी ही मागणी महाराष्ट्रातील कितीतरी लहान स्थानकांवरून होत आली आहे. रेल्वेच्या दृष्टीने मात्र थांबा फुकट नसतो. वेगात असलेली गाडी थांबवून पुन्हा त्या वेगाला आणण्यात वीज किंवा डिझेल खर्च होते, वेळापत्रकातील काही मिनिटे जातात, आणि त्या मिनिटांमुळे मागून येणाऱ्या गाड्यांची मार्गावरील जागाही कमी होते. म्हणून नवा थांबा साधारणपणे प्रायोगिक तत्त्वावर, बहुधा सहा महिन्यांसाठी दिला जातो, त्या काळात स्थानकावरून झालेली तिकीटविक्री तपासली जाते आणि मग तो कायम ठेवायचा की नाही याचा विचार होतो. ग्राहकाची सोय आणि संस्थेचे उत्पन्न यांना थेट जोडणारी ही व्यवस्था आहे, आणि भावनेच्या भरात निर्णय घेण्यापेक्षा ती निश्चितच बरी आहे.

तरीही या मोजणीत एक मोठी उणीव राहते. तिकीटविक्रीचा आकडा आलेल्या प्रवाशाची नोंद करतो. न आलेल्या प्रवाशाची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. करमाळ्याहून पुण्याला निघालेला माणूस सोयीची गाडी जेऊरला थांबत नाही म्हणून कुर्डुवाडी किंवा दौंड गाठतो, तेव्हा त्याचे तिकीट त्या स्थानकाच्या खात्यावर जमा होते आणि जेऊरची मागणी कागदावर आणखी कमी दिसते. तो एसटीने किंवा खासगी गाडीने गेला, तर रेल्वेच्या लेखी तो अस्तित्वातच नसतो. कमी विक्रीमुळे थांबा नाही, आणि थांबा नाही म्हणून विक्री कमी, असे हे चक्र आहे. स्थानकांच्या वर्गवारीतही काहीशी अशीच गत होते. 2017 पासून उपनगरी नसलेल्या स्थानकांचे वार्षिक उत्पन्न आणि प्रवासीसंख्या यांवरून सहा गट केलेले आहेत, आणि कोणत्या स्थानकावर किती सोयी असाव्यात याचे निकष बहुतांशी त्या गटावर ठरतात. सोयी जिथे आधीच चांगल्या तिथे त्या वाढत जाण्याची आणि जिथे त्या तुटपुंज्या तिथे तशाच राहण्याची शक्यता अशा रचनेतच असते.

प्रायोगिक मुदतीचाही प्रश्न आहे. प्रवासाची सवय एका महिन्यात बदलत नाही. रोज एसटीने जाणारा नोकरदार किंवा विद्यार्थी नवी गाडी वेळेवर येते याची खात्री पटल्यावरच मासिक पास काढतो, आणि ती गाडी वारंवार उशिरा आली तर थांबा असूनही तो परत फिरतो. अशा स्थितीत पडलेला आकडा थांब्याचा नाकर्तेपणा सांगत नाही, तर वक्तशीरपणाचा अभाव सांगतो. व्यवस्थापनातील मोजमापांत म्हणूनच दोन प्रकार केले जातात: झालेल्या गोष्टींचा हिशेब देणारी, जसे की उत्पन्न आणि नफा, आणि पुढे काय होणार याची चाहूल देणारी, जसे की वक्तशीरपणा, तक्रार निवारणाला लागलेला वेळ, पुन्हा आलेल्या ग्राहकांचे प्रमाण. पहिल्या प्रकारचे मोजमाप एकटेच वापरले तर कारण हाती लागत नाही, आणि केवळ दुसऱ्यावर विसंबले तर सुधारणेचा खर्च कशासाठी केला याचे उत्तर देता येत नाही.

या दोहोंमधील साखळी हार्वर्ड विद्यापीठातील जेम्स हेस्केट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 साली सेवा-नफा साखळी या नावाने मांडली. कर्मचाऱ्यांना काम नीट करता येईल अशी परिस्थिती असली की ते टिकतात आणि चांगली सेवा देतात, चांगल्या सेवेने ग्राहकाचे समाधान होते, समाधानातून निष्ठा येते आणि निष्ठेतून वाढ आणि नफा येतो, असा तिचा क्रम आहे. तिकीट खिडकीवर एकच कर्मचारी असेल आणि गाडी येण्याच्या वेळीच रांग वाढत असेल, तर सौजन्य सप्ताहाचे फलक लावून काही साधत नाही हे जेऊरच काय, कोणत्याही गावच्या प्रवाशाला ठाऊक असते; या साखळीचे महत्त्व असे की ती तोच अनुभव ताळेबंदाच्या भाषेत मांडते.

चुकीच्या मोजमापाचे सर्वांत बोलके उदाहरण स्कँडिनेव्हियन एअरलाइन्स या विमान कंपनीचे आहे. 1981 साली यान कार्लझन यांनी तिची सूत्रे घेतली तेव्हा कंपनी तोट्यात होती. कामानिमित्त वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी उत्तम विमानसेवा हे एकच उद्दिष्ट त्यांनी ठरवले आणि प्रत्येक खर्च त्या कसोटीवर तपासला. मालवाहतुकीत मात्र कंपनी विमानाच्या पोटातील किती जागा भरली हे मोजत राहिली होती, कारण आकडा तोच सोयीचा होता. माल पाठवणाऱ्याला जागेशी काहीच कर्तव्य नव्हते. त्याचे पार्सल ठरलेल्या दिवशी ठरलेल्या ठिकाणी पोचावे इतकेच त्याला हवे होते. कंपनीने युरोपभर शंभर चाचणी पार्सले पाठवून पाहिली तेव्हा दुसऱ्या दिवशी पोचणे अपेक्षित असलेल्या मालाला सरासरी चार दिवस लागतात असे आढळले. त्यानंतर मोजमापच बदलले गेले.

जेऊर परिसरातील केळीच्या बाबतीत हा फरक अधिक तीव्र होतो, कारण येथे उशीर म्हणजे निव्वळ गैरसोय नसते, मालच जातो. निर्यातीसाठीची केळी मुख्यतः ग्रँड नैन, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलीत जी-नाइन, या जातीची ऊतिसंवर्धित रोपांपासून घेतलेली असते. घड निसवल्यावर केळफूल मोडले जाते, घडाला पिशवी घातली जाते, आणि फळ पूर्ण भरण्याच्या थोडे आधी, हिरवे असतानाच घड उतरवला जातो. घडावर ओरखडा उठू नये म्हणून तो जमिनीवर न टेकवता पॅकहाउसपर्यंत आणावा लागतो. तिथे फण्या वेगळ्या करून, तुरटीच्या पाण्यात चीक धुऊन, साधारण 13 किलोच्या खोक्यात भरतात आणि शीतगृहात त्यांचे तापमान उतरवून शीत कंटेनरमध्ये चढवतात. वाटेत तापमान 13 ते 14 अंश सेल्सिअसच्या आसपास राहावे लागते. ते खाली गेले तर सालीवर काळपट झाक येते आणि फळ नीट पिकत नाही. वर गेले तर ते जहाजातच पिकू लागते. आखाती देशातील आयातदार खोके उघडतो तेव्हा त्याला जे दिसते तोच त्याचा अनुभव, आणि पुढच्या हंगामातील सौदा त्यावरच ठरतो. म्हणून घडाला पिशवी घालण्याचा खर्च करमाळा तालुक्यातील बागायतदाराला पटवून द्यावा लागत नाही. त्या पिशवीचा आणि हाती येणाऱ्या भावाचा संबंध त्याला स्वतःच्या पट्टीत दिसतो. मोठमोठ्या कंपन्यांना इतका स्पष्ट दुवा क्वचितच सापडतो.

रेल्वेने अशा नाशवंत मालासाठी किसान रेल्वेचा प्रयोग केला. 7 ऑगस्ट 2020 रोजी देवळाली ते दानापूर ही पहिली गाडी सुटली, आणि 28 डिसेंबर 2020 रोजी शंभरावी गाडी सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे, दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतरासाठी रवाना झाली. या सेवेतील ग्राहकविचार खरोखर चांगला होता: वेळापत्रक ठरलेले, वाटेतील थांब्यांवर माल चढवण्या-उतरवण्याची मुभा, आणि वजनाची किमान अट नाही, त्यामुळे संपूर्ण डबा भरू न शकणारा लहान शेतकरीही तिचा ग्राहक होऊ शकला. फळे आणि भाजीपाल्याच्या भाड्यात निम्मी सवलत होती आणि तिचा भार सुरुवातीला अन्नप्रक्रिया उद्योग मंत्रालयाच्या योजनेने उचलला होता. जानेवारी 2023 अखेरपर्यंत देशभरात अशा 2,300 हून अधिक फेऱ्या झाल्या.

या आकड्याचे मोल कमी नाही, पण त्यावरून सेवेचा व्यवसायाशी दुवा जुळला होता का, हे कळत नाही. फेऱ्यांची संख्या आणि टनांचा भार ही स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सच्या जुन्या पद्धतीची मोजमापे आहेत. मालाची आवक बाजार सुरू होण्याआधी झाली की नंतर, वाटेत किती माल खराब झाला, एकदा माल पाठवलेला शेतकरी दुसऱ्यांदा आला का, आणि सवलत नसती तरी तो आला असता का, या प्रश्नांच्या उत्तरांवर सेवेचे भवितव्य अवलंबून असते. 2020 च्या अर्थसंकल्पात शीत डब्यांच्या किसान रेल्वेची कल्पना मांडली होती. साध्या पार्सल डब्यात कांदा किंवा डाळिंब जाऊ शकते, निर्यातीच्या केळीला ते पुरत नाही. सवलत हा भावाचा आकर्षक भाग असतो, मात्र ज्याच्या मालाला थंडावा हवा त्याला स्वस्त उष्णता देऊन उपयोग होत नाही.

समाधानाच्या गुणांकाविषयीही येथे सांगितले पाहिजे, कारण अनेक संस्था त्यालाच दुवा समजतात. फ्रेड रायकहेल्ड यांनी 2003 साली ही कंपनी तुम्ही दुसऱ्याला सुचवाल का, या एकाच प्रश्नावर आधारलेले मोजमाप मांडले आणि ते जगभर पसरले. पण कर्मचाऱ्यांच्या बढत्या आणि बक्षिसे त्याच्याशी बांधली गेल्यावर ग्राहकाकडे पूर्ण गुण अक्षरशः मागून घेतले जाऊ लागले. वाहनांच्या शोरूममधून गाडी घेतलेल्या कित्येकांना हे परिचयाचे असेल. 2021 मध्ये रायकहेल्ड यांनीच हा दोष मान्य करून, परत आलेल्या ग्राहकांकडून आणि त्यांच्या शिफारशीने आलेल्या नव्या ग्राहकांकडून खरोखर मिळालेले उत्पन्न हिशेबवहीतून मोजावे, असे सुचवले.

रेल्वेच्या बाबतीत मोजमाप निवडण्याआधीचा एक निर्णय उरतो. प्रवासी भाडे खर्चापेक्षा कमी ठेवणे हे सार्वजनिक संस्था म्हणून तिने पत्करलेले कर्तव्य आहे. त्यामुळे लहान स्थानकावरील थांबा उत्पन्नासाठी द्यायचा की तालुक्याला दळणवळण मिळावे म्हणून, हे आधी स्पष्ट केले पाहिजे, कारण दोन्ही उद्दिष्टे योग्य असली तरी त्यांची मोजमापे वेगळी आहेत. उत्पन्न हेच उद्दिष्ट असेल तर जेऊरच्या तिकीट खिडकीबरोबरच कुर्डुवाडी आणि दौंडच्या फलाटांवर करमाळा तालुक्यातून आलेल्या प्रवाशांची पाहणी करावी लागेल, आणि करमाळा आगारातून पुण्याकडे जाणाऱ्या एसटीच्या तिकिटांचे आकडेही मागवावे लागतील. दळणवळण हे उद्दिष्ट असेल तर सकाळी निघून कॉलेज, रुग्णालय किंवा कचेरीचे काम आटोपून त्याच दिवशी परतता येणाऱ्या प्रवाशांची संख्या मोजावी लागेल. केळीसाठी प्रश्न याहून मोजका आहे: शीत कंटेनर चढवण्याची सोय किती अंतरावर आहे, वीजपुरवठा वाटभर अखंड राहतो का, आणि न्हावा-शेवा बंदरातील जहाजाची वेळ गाडीच्या वेळापत्रकाला धरून पाळता येते का. या तिन्हींची उत्तरे आज रस्त्याने जाणारा ट्रकवाला देतो, आणि त्यामुळे बागायतदार त्याच्याकडे जातो.