झाकणातली चंद्रकोर

"सेल बदलून बघितला का?" आमच्या गावात, कळसाडीत, ज्याला घड्याळ दाखवावं त्याचा पहिला प्रश्न हाच. सेल असता तर रडगाणं कशाला? बाबांचं एचएमटीचं 'कांचन', ऑटोमॅटिक. हात हलला की आतलं वजन फिरतं आणि कमानीला चावी बसते. महिनाभर ते मनाला येईल तेव्हा थांबत होतं.

"मी आता शेतात जात नाही, हात हलत नाही, म्हणून," बाबा म्हणाले. पटण्यासारखं होतं. म्हणून मीच ते घालून मोटारसायकलवर हिंडलो. पहिल्या रात्री अडीचला बंद, दुसऱ्या दिवशी दुपारी चारला. तारखेची चकती अडत असती, तर मध्यरात्रीच्या आसपासच थांबलं असतं.

मग बोटांनी तीस-चाळीस वळसे चावी दिली. ऑटोमॅटिकची कमान भरली तरी चावी अडत नाही. कमानीचं बाहेरचं टोक डबीच्या भिंतीवरून घसरतं. रविवारी सकाळी सातला फडताळात ठेवलं, ते सोमवारी रात्री अकरापर्यंत चाललं. 40 तास! म्हणजे यंत्र धडधाकट, फक्त उपाशी राहत होतं.

नंदुरबारला गेलो तेव्हा मिरचीचा हंगाम होता. पथाऱ्यांवरचा खकाणा घड्याळ-दुरुस्तीच्या दुकानापर्यंत येत होता. कारागिराने झाकण उघडलं, डोळ्यावरचं भिंग सावरलं आणि अचानक घड्याळावर काचेची वाटी पालथी घातली. मग तोंड फिरवून शिंकला. एका शिंकेत स्क्रू गेला, की दिवसभर फरशी चाचपायची.

झाकण उलटं करून त्याने उजेडात धरलं. आतल्या पोलादावर घासून घासून चकाकलेली बारीक चंद्रकोर. फिरत्या वजनाचा मधला स्क्रू ढिला झालेला. वजन कलून झाकणाला घासत होतं, पुरेसं फिरतच नव्हतं. हात हलवताना येणारी खरखर आम्ही घड्याळाची सवयच समजत होतो!

स्क्रूचे आटे झिजले होते. 1961 मध्ये जपानच्या सिटिझनच्या साथीने बंगळुरूत सुरू झालेला एचएमटीचा घड्याळांचा धंदा 2016 मध्ये जवळजवळ गुंडाळला गेला. नवे सुटे भाग आणायचे कुठून? त्याने पत्र्याचा डबा ओतला. त्यात मेलेल्या एचएमटींची आतडी. चौथा स्क्रू बसला.

घरी बाबांनी घड्याळ कानाशी धरून हलवलं.

"मुकं झालं की रे हे," म्हणाले, आणि पट्टा आवळला.