घरबांधणीचा वाढता खर्च व आपले भांडवल

सभासद बंधूंची गाठ पडली की हल्ली धान्याच्या भावाआधी सिमेंट व सळईचा भाव निघतो. कडोलीत काय, बेळगावात काय, मुलाचे लग्न ठरले की स्वतंत्र घराचा विषय ओघानेच येतो. म्हणून याचा हिशोब, आम्हांस जसा उमगला तसा, येथे मांडीत आहोत.

पूर्वीचे घर केवळ राहण्याची जागा नव्हती. ओसरीवर दुकान, माजघरात कणग्या, अंगणात पेव, मागे गोठा. घर स्वतःच वखारीचे काम करी. दगड, माती जवळची, वर कौले. आज घर निराळे, दुकान निराळे, गुदाम निराळे. तीन छपरांचा भार एकाच धंद्याच्या मिळकतीवर पडतो. चार भावांच्या एका वाड्याची चार घरे झाली की चार स्वयंपाकघरे, चार जिने, चार टाक्या आल्याच. भाववाढीस नावे ठेवताना ही वाढ आपण सोयीने विसरतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तथापि मातीच्या घरांचे गोडवे गाण्याचीही सोय उरलेली नाही. ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत बेळगाव जिल्ह्यातील कितीतरी मातीच्या भिंती बसल्या. पूर्ण पडलेल्या घरास कर्नाटक सरकारने त्या वेळी पाच लाख रुपये जाहीर केले होते. याउलट २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत सपाट प्रदेशातील घरास १,२०,००० रुपये ठरले, व २०२४ मध्ये योजना पुढे चालविताना तोच आकडा कायम राहिला. मधल्या आठ वर्षांत गवंड्याची मजुरी काही थांबून राहिली नाही! आमच्या पेढीवरील हमालाने उरलेली रक्कम कोठून आणावी? ती बहुधा दुकानातूनच उचल म्हणून मागितली जाते.

आता सिमेंट. २०१७ पासून त्यावर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. पुष्कळांस वाटले, पोते दहा टक्क्यांनी उतरेल. तसे होत नाही. जुन्या करासह पोते ३५० रुपयांस धरले, तर नव्या दराने ते सुमारे ३२३ रुपयांस पडावे. हजार चौरस फुटांच्या घरास चारशेच्या आसपास पोती लागतात. म्हणजे बचत अकरा हजारांच्या आतबाहेर, तीही कराची सूट वाटेत कोणी गिळली नाही तर. सळई, वाळू व मजुरी यांना त्याचा स्पर्शही नाही.

व्याजाचा प्रश्न याहून मोठा आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला; २०२५ मध्ये तो टप्प्याटप्प्याने उतरविला. वीस लाखांचे वीस वर्षांचे कर्ज सात टक्क्यांनी घेतले तर मासिक हप्ता सुमारे १५,५०० रुपये, साडेनऊ टक्क्यांनी १८,६०० हून अधिक. हप्ता चुकवावयाचा म्हणून सुगीच्या वेळी खरेदीचे भांडवल आखडते, आणि धान्याच्या धंद्यात सुगी हुकली की वर्ष हुकले.

आमची सूचना एवढीच. शेजारी प्लॉट असलेल्या भावांनी नकाशा करण्यापूर्वीच अभियंत्यास एकत्र भेटावे. मधली भिंत, विहीर किंवा बोअर, पाण्याची टाकी सामाईक ठेवता येते. मात्र मालकीहक्काचा व दुरुस्तीचा करार त्याच वेळी नोंदवून घ्यावा. पाया भरल्यानंतर केलेला बदल फार महाग पडतो.