पेढीवरची मुलाखत : काय विचारतात, का विचारतात

कापडाच्या पेढीवर नोकरीसाठी जाऊन आलेली मुले आम्हाला सांगतात, "इंग्रजी विचारलेच नाही, भलतेच विचारले." भिवंडी-मालेगावकडची उर्दू माध्यमात शिकलेली मुले इंग्रजीच्या धास्तीनेच अर्धी होतात. वास्तविक उर्दूत मुलाकात म्हणजे नुसती भेट, आणि पेढीवर ती तशीच होते. चहा येतो, चहाबरोबर कापडाचा एक तुकडा समोर पडतो. हे काय आहे, सांग.

इथे पदवीधरही अडखळतात. कडेचा धागा ओढून जाळला की कळते. सुती धाग्याला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख भुरभुरते, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. एका बी.कॉम. झालेल्या मुलाने 80 नंबरचे सूत 40 नंबरपेक्षा जाड म्हणून सांगितले. नंबर वाढतो तसे सूत बारीक होते. या मुलाच्या घरी चार माग होते, पण बापाने त्याला कारखान्यात कधी पाऊल टाकू दिले नव्हते!

मग हिशेब. 120 मीटरचा सुती ताका, भाव साडेबत्तीस रुपये, वटाव 2 टक्के, जीएसटी 5 टक्के. रक्कम 3,900, वटाव 78, उरले 3,822. त्यावर कर 191 रुपये 10 पैसे, बिल 4,013 रुपये 10 पैसे. बरीच मुले आधी कर लावतात व मग वटाव कापतात. बिलातच दाखवलेला वटाव वजा करून उरलेल्या रकमेवर कर लागतो.

पण खरी कसोटी उधारीची. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या मागवाल्याचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. 2023-24 या आर्थिक वर्षापासून मुदत चुकवून वर्षअखेर थकलेली रक्कम त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही. ज्या वर्षी पैसे चुकते होतील त्या वर्षी धरता येते. इकडे गिऱ्हाईक 90 दिवस मागते. मधले दिवस कोणाच्या खिशातून? याला एकच उत्तर नाही. मालक एवढेच पाहतो की हा मुलगा गिऱ्हाइकाला नाही कसे म्हणेल. एकजण म्हणाला, "शेठ, आधी जुनी बाकी विचारीन, मग नवा माल दाखवीन." त्याला दुसऱ्या दिवसापासून बोलावले.

'कळवतो' म्हणून महिनोन्महिने न कळवणे ही मात्र आम्हा पेढीवाल्यांची वाईट खोड आहे. पोरगे वाट पाहत दुसरी जागाही सोडते. तेव्हा मुलांनी उठताना तारीख मागून घ्यावी. वसुलीच्या फेरीचे भाडे कोण देणार, गिऱ्हाइकाकडे रक्कम बुडाली तर पगारातून कापणार काय, हेही तेव्हाच विचारावे. रुजू झाल्यावर ते विचारणे जड जाते.